छोट्या विनोदी नाटिकेत माणूस सुधारत नाही, म्हणून ती रंगते

प्रश्न थोडक्यात असा आहे: हौशी नाट्यगट आहे, दोन अंकी नाटक करायला माणसंही आहेत आणि वेळही. तरी संहिता वाचायला बसलं की सगळ्यांचा कल वीस-तीस मिनिटांच्या विनोदी नाटिकांकडे जातो. हे आकर्षण कशाचं? सोपं पडतं म्हणून, की त्यात खरंच काही आहे? आणि असेल तर निवडताना काय बघायचं?

'सोपं पडतं' हे उत्तर आधी बाजूला सारते. पात्रं तीन-चार, नेपथ्य एकच, तालमींचं वेळापत्रक जमवायला सुटसुटीत, हे सगळं खरं. पण हेच फायदे छोट्या गंभीर एकांकिकेलाही असतात आणि तिच्यासाठी गटात अशी चढाओढ लागलेली मला दिसत नाही. शिवाय विनोदी नाटिका सोपी असते असं ज्याला वाटतं, त्याने ती थंड प्रेक्षागृहात करून बघावी. गंभीर नाटकात लोक गप्प बसले तर ते भारावले असतील, अशी स्वतःची समजूत घालता येते. विनोदी नाटिकेत ती सोय नाही.

मला वाटतं मुद्दा लांबीचाच आहे, पण वेगळ्या अर्थाने. दोन तासांच्या नाटकात प्रेक्षक पात्राकडे हिशोब मागतो. एवढा वेळ तुझ्याबरोबर घालवला, आता सांग तुझं काय झालं, तुला काय उमगलं, तू काय गमावलंस. नाटककाराला पात्र बदलावं तरी लागतं, नाहीतर ते बदलत का नाही याची कारणं द्यावी लागतात. वीस मिनिटांत हा हिशोब मागायला कुणाला सवडच मिळत नाही. त्यामुळे माणूस जितका हट्टी आत येतो तितकाच हट्टी राहून नाटिका संपवू शकतो. आणि खरं सांगायचं तर आपल्या आजूबाजूची बहुतेक माणसं अशीच असतात. सुधारणा हा मोठ्या नाटकाने पोसलेला आशावाद आहे. छोटी विनोदी नाटिका त्याच्या भानगडीत पडत नाही, आणि ती सूट मिळाल्याचा आनंद नटाला असतो तसा प्रेक्षकालाही.

रशियन लेखक अंतोन चेखवची 'द प्रपोजल' या नावाने ओळखली जाणारी नाटिका घ्या. १८८८ च्या सुमारास लिहिलेली, पात्रं तीन. लोमोव नावाचा पस्तिशीचा जमीनदार, सतत आपल्या नाडीवर आणि छातीच्या धडधडीवर लक्ष ठेवणारा, कोट-हातमोजे घालून शेजाऱ्याकडे त्याच्या मुलीला मागणी घालायला येतो. बाप खूश होतो आणि मुलीला, नताल्याला, त्याच्याकडे बाहेर पाठवतो; पण पाहुणा कशासाठी आलाय ते तिला धड सांगत नाही. लोमोव प्रस्तावना बांधायला म्हणून दोन्ही घरांच्या जुन्या संबंधांचा उल्लेख करतो, त्या ओघात एका कुरणाचं नाव घेतो, आणि नताल्या म्हणते, थांबा, ते कुरण तर आमचं. झालं. मागणी राहिली बाजूला. कुरणाची किंमत फार तर तीनशे रूबल, हे ती स्वतःच सांगते. तिला चीड आहे ती अन्यायाची. बाप मध्ये पडतो तो भांडण मिटवायला नव्हे, वाढवायला. लोमोवला घराबाहेर काढल्यावर तिला कळतं की तो मागणी घालायला आला होता. मग एकच आकांत, परत आणा त्याला! तो येतो, ती कुरण सोडून देते, विषय शिकारीवर जातो आणि दोघांपैकी कुणाचा कुत्रा चांगला यावरून दुसरं भांडण पेटतं. लोमोव कोसळतो, मेला असं वाटतं, शुद्धीवर येतो, बाप घाईघाईने दोघांचे हात एकमेकांत देतो, आशीर्वाद देतो. आणि आशीर्वाद हवेत असतानाच कुत्र्यांचा वाद पुन्हा सुरू होतो.

आता कल्पना करा, हेच दोन अंकांत असतं तर? दुसऱ्या अंकात नताल्याच्या एकटेपणाबद्दल एक हळवा प्रवेश आला असता. लोमोवच्या छातीच्या धडधडीमागे बालपणातली काहीतरी गोष्ट निघाली असती. शेवटी दोघांनी कुरण आणि कुत्रे विसरून एकमेकांकडे बघितलं असतं. नाटक कदाचित चांगलंही झालं असतं, पण ते वेगळं नाटक. ही नाटिका आपल्याला फक्त एवढंच दाखवते की यांचं लग्न होणार आहे आणि हे मरेपर्यंत असेच भांडणार आहेत.

याला अपवाद वाटावा अशी त्याचीच दुसरी नाटिका म्हणजे 'द बेअर', म्हणजे 'अस्वल'. तिचा पहिला प्रयोग मॉस्कोच्या कोर्श नाट्यगृहात ऑक्टोबर १८८८ मध्ये झाला. नवऱ्याच्या मृत्यूला सात महिने झाले तरी घराबाहेर न पडणारी विधवा पोपोवा, आणि तिच्या नवऱ्याकडे थकलेले बाराशे रूबल वसूल करायला आलेला रांगडा स्मिर्नोव. भांडण थेट द्वंद्वयुद्धापर्यंत जातं, ती नवऱ्याची पिस्तुलं घेऊन येते, पण ती चालवायची कशी हे तिला माहीत नसतं, म्हणून तोच तिला शिकवतो, आणि शिकवता शिकवता प्रेमात पडतो. इथे तर दोघंही बदलली, असं कुणी म्हणेल. माझ्या मते ती बदलत नाहीत, उलटतात. ज्या आडदांडपणाने तो पैसे मागत होता त्याच आडदांडपणाने तो प्रेम मागतो. ज्या हट्टाने तिने शोक धरला होता त्याच हट्टाने ती तो सोडते. चेखवने त्याची खूणही ठेवली आहे. सुरुवातीला ती नवऱ्याच्या लाडक्या घोड्याला, टोबीला, जास्तीचे ओट द्यायला सांगते. शेवटचं वाक्य, मिठीतून मान वळवून नोकराला: आज टोबीला ओट अजिबात देऊ नका. एका घोड्याच्या खुराकात अख्खी नाटिका पालथी होते. त्या वाक्यापूर्वी नटीने डोळ्यांत पाणी आणलं की सगळं वाया गेलंच म्हणून समजा.

चेखवने या दोन्ही नाटिकांना 'एका अंकातली थट्टा' असंच म्हटलं होतं. हे नाव मला फार प्रामाणिक वाटतं. थट्टेकडून कुणी तात्पर्य मागत नाही.

हा प्रकार काही आधुनिक नाही. आपल्या नाट्यशास्त्राने रूपकाच्या, म्हणजे नाटकाच्या, दहा प्रकारांत प्रहसनाला स्वतंत्र जागा दिली आणि त्याचे शुद्ध आणि संकीर्ण असे भेदही सांगितले. सातव्या शतकातला पल्लव राजा महेंद्रवर्मा याच्या नावावर 'मत्तविलास' हे प्रहसन आहे: दारूच्या नशेत असलेल्या कापालिकाचं, म्हणजे कवटी बाळगणाऱ्या शैव साधूचं, कवटीचं पात्र हरवतं आणि तो एका बौद्ध भिक्षूवर चोरीचा आळ घेतो. भिक्षू आपलं भिक्षापात्र वस्त्राआड लपवत असल्यामुळे संशय आणखी वाढतो. खरा चोर असतो कुत्रा, कारण कवटीत भाजलेलं मांस होतं. कवटी परत मिळते. कापालिक शहाणा होत नाही, भिक्षूही होत नाही. एका राज्यकर्त्याने आपल्याच राजधानीतल्या पंथोपपंथांची अशी टर उडवावी आणि ती आजही प्रयोगात टिकावी, हे मला त्या काळच्या कितीतरी गंभीर रचनांपेक्षा जास्त जिवंत वाटतं.

दुसरी एक गोष्ट जगभर दिसते: या नाटिकांची जागा गंभीर गोष्टींच्या शेजारी असते. अथेन्सच्या नाट्यमहोत्सवात नाटककार तीन शोकांतिका सादर करी आणि त्यांच्या मागोमाग एक धसमुसळं सॅटर नाटक येई. जपानमध्ये संथ, गंभीर नो नाटकांच्या मध्ये क्योगेन हे छोटे विनोदी खेळ होतात. स्पेनमध्ये मोठ्या नाटकाच्या अंकांमध्ये एंत्रेमेस ही छोटी विनोदी नाटकं करत. सर्व्हांतेसने १६१५ मध्ये अशी आठ छापली, आणि ती कधीच रंगमंचावर आली नव्हती हे पुस्तकाच्या नावातच सांगून टाकलं. पॅरिसचं ग्रां गिन्योल नाट्यगृह, १८९७ ते १९६२, भयनाट्यांसाठी प्रसिद्ध, पण एकाच संध्याकाळी भयाच्या नाटिकांमध्ये विनोदी नाटिका पेरल्या जात. माणूस भीतीने किंवा दुःखाने आवळला गेला की त्याला सैल करायचं आणि पुन्हा आवळायचं. म्हणजे हा हलका माल कधी फुकटचा नव्हता, जड मालाचं वजन जाणवावं म्हणून तो लागतच होता.

क्योगेनमधली 'बुसु' नावाची नाटिका मी नव्या नटांना नेहमी सांगते, कारण शब्दांशिवाय हसू कसं उभं राहतं ते तिच्यात दिसतं. मालक बाहेर जाताना दोन नोकरांना एक झाकलेलं भांडं दाखवतो: यात जालीम विष आहे, त्यावरून आलेला वारासुद्धा जीव घेईल. खरं तर आत साखर असते. मालक गेल्यावर नोकरांची उत्सुकता वाढते. ते हातपंख्याने वारं भांड्याच्या दिशेने घालत, म्हणजे विषारी वारा आपल्याकडे येऊ नये म्हणून, एकेक पाऊल पुढे जातात. एकाने पंखा हलवायचा, दुसऱ्याने झाकण काढायचं, आणि पळायचं. हा सगळा भाग विलक्षण शिस्तीने, जवळजवळ नृत्यासारखा होतो. मग चव, मग सगळी साखर फस्त. आता मालकाला काय सांगायचं? ते त्याचं मौल्यवान चित्र फाडतात, एक मौल्यवान वाडगा फोडतात आणि तो आल्यावर रडत सांगतात: तुमच्या वस्तू आमच्या हातून मोडल्या, म्हणून जीव द्यायला आम्ही ते विष खाल्लं, पण मेलो नाही! रंगमंचावर साखरेचा कणही नसतो. पंखे आणि दोन माणसांचा गंभीर चेहरा, एवढ्यावर सगळं चालतं.

गंभीर चेहरा, हा कळीचा भाग. संहिता निवडताना माझी पहिली चाचणी हीच: पात्राला आपण विनोदी नाटकात आहोत हे कळतंय का? कळत असेल, पात्रं एकमेकांच्या कोट्यांना दाद देत असतील, तर ती संहिता मी खाली ठेवते. लोमोवला कुरणाचा प्रश्न खरोखर जीवन-मरणाचा आहे. नोकरांना विषाची भीती खरी आहे. दुसरी चाचणी, कुणाला काय हवंय आणि आडवं काय येतंय, हे एका वाक्यात सांगता येतं का. येत नसेल तर हाती नाटिका नाही, विनोदांची माळ आहे. स्किट आणि नाटिका यांत मी फरक करते तो इथेच. स्किटमध्ये गंमत संपली की स्किट संपतं. नाटिकेत गंमत संपली तरी माणसाला अजून काहीतरी हवं असतं, म्हणून ती पुढे सरकते.

काही नाटिका माणसाच्या हट्टाऐवजी एका नियमावर उभ्या असतात. चिनी संगीतनाट्यातला 'सान छा खौ' हा खेळ बघा: सरायीतल्या अंधाऱ्या खोलीत दोन माणसं एकमेकांना शोधत, चुकवत लढतात, आणि रंगमंचावर मात्र लख्ख उजेड. प्रेक्षकाला सगळं दिसतं, पात्रांना काहीच दिसत नाही. इंग्लिश नाटककार पीटर शॅफरने १९६५ मध्ये त्याच युक्तीवर आपली एकांकी 'ब्लॅक कॉमेडी' रचली: पात्रांसाठी दिवे असतात तेव्हा रंगमंचावर काळोख, आणि त्यांच्या घरातली वीज गेली की रंगमंच उजळतो. असा नियम पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षकाच्या हातात पडला पाहिजे आणि नंतर एकदाही मोडता कामा नये. अंधारात असलेल्या नटाने एका क्षणासाठी जरी समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं तरी प्रेक्षक फसत नाही. तो नियम सोडून देतो आणि तुम्हालाही.

आता हशाबद्दल, कारण प्रयोगात सगळं तिथे ठरतं. हसू एकेकट्याचं कमी आणि घोळक्याचं जास्त असतं. चाळीस माणसं तीनशे खुर्च्यांवर विखरून बसली तर उत्तम नाटिकाही पडते. तीच चाळीस पुढच्या तीन रांगांत खेटून बसवा, मागच्या रांगा दोरी लावून बंद करा, निम्मं काम झालं. हशा चढतो, माथ्यावर पोचतो, उतरतो. पुढचं वाक्य माथ्यावर टाकलं तर ऐकू जात नाही, आणि पूर्ण विझल्यावर टाकलं तर प्रत्येक वेळी थंड इंजिन सुरू करावं लागतं. उतरणीला लागला की बोलायचं. हे वहीत लिहून येत नाही. नटाला तो कानाने पकडावा लागतो, आणि दर प्रयोगाला तो वेगळ्या ठिकाणी असतो. थांबताना नटाने पात्रातच थांबायचं. हसण्याची वाट बघणारा नट प्रेक्षकाला लगेच दिसतो.

आणि दुसऱ्याच्या पंचवर, म्हणजे हशा येणार त्या वाक्यावर, हात हलवायचा नाही. एक जण विनोदाची बांधणी करतोय आणि मागे दुसरा चष्मा पुसतोय, तर प्रेक्षकाचा डोळा चष्म्याकडे जातो आणि वाक्य मातीत. हौशी गटांत भांडणं होतात ती बहुतेक याच्यावरून, आणि त्यात सहसा चष्मा पुसणाऱ्याचीच चूक असते. ज्या शब्दावर हसू फुटायला हवं तो वाक्याच्या शेवटी असावा, त्याच्यामागे 'ना', 'बरं का', 'म्हणजे' असलं शेपूट नको. तालमीत ही शेपटं नटांना आपोआप फुटतात. मी दर आठवड्याला छाटते.

तालमींचा एक ठरलेला आजार आहे. पहिल्या वाचनाला सगळे पोट धरून हसतात. पुढे काही दिवसांतच कुणी हसेनासं होतं, कारण सगळ्यांना सगळं पाठ आहे. मग घबराट होते आणि भर घालणं सुरू होतं: कुणी पडून दाखवतो, कुणी आवाज काढतो, कुणी स्वतःचं वाक्य घुसडतो. नाटिका आहे तिथेच असते, हसणारे संपलेले असतात. अशा वेळी ज्यांनी एकही तालीम पाहिलेली नाही अशी पाच-सहा माणसं आणून बसवावीत. त्यांच्यासमोर एक तालीम झाली की भर घातलेलं निम्मं आपोआप गळून पडतं.

वेगाबद्दलही गैरसमज आहे. विनोदी म्हणजे भरधाव, असं धरून सगळे पहिल्या वाक्यापासून धावत सुटतात. सुरुवात शांत हवी; हे कोण, इथे कशासाठी, हे प्रेक्षकाला नीट बघू द्या. फ्रेंच नाटककार जॉर्ज फेदोची १९१० ची एक एकांकी आहे, जिच्यात चिनी मातीची भांडी बनवणारा माणूस सैन्याला रात्री लघवीसाठी खोलीत ठेवायची भांडी विकण्याचा करार मिळवायला बघतोय. भांडं फुटत नाही हे अधिकाऱ्याला दाखवायला तो ते जमिनीवर फेकतो. फुटतं. हा अपवाद होता म्हणून दुसरं फेकतो. तेही फुटतं. पहिल्या भांड्याआधी त्याचा आत्मविश्वास पुरेसा सावकाश दाखवला नसेल, तर दोन्ही भांडी नुसतीच फुटतात. आणि हो, अशी नाटिका घेतलीत तर दर प्रयोगाला भांडी नवी लागणार, शिवाय काचा-ठिकऱ्या उचलायला कोण कधी जाणार हे आधी ठरवा. अनवाणी एन्ट्री असलेलं पात्र त्यानंतर नको.

निवडताना आणखी एक गोष्ट बघा: हसू कशावर येतं. वीस मिनिटांत पात्र उभं करायचं म्हटलं की लेखकाचा हात आयत्या मालाकडे जातो. तोतरा, लठ्ठ, बहिरा, गावंढळ बोलीचा नोकर, साडी नेसलेला पुरुष. प्रेक्षक हसतात, नाकारत नाही. पण हट्ट माणसाने स्वतः धरलेला असतो, तोतरेपणा धरलेला नसतो. लोमोव उद्या कुत्र्याचा विषय सोडू शकतो आणि सोडत नाही, म्हणून आपण त्याला हसतो आणि मनातून ओळखतोही. जिथे पात्राकडे सोडण्यासारखं काही नाही, तिथे हसू फार पुढे जात नाही, दुसऱ्या प्रयोगापर्यंत शिळं होतं. असे संवाद असलेली संहिता मी घेत नाही, आणि लेखक जिवंत असेल तर त्याला विचारून बदलून घेते. न विचारता बदलू नये. चेखवचं मूळ लेखन सगळ्यांना खुलं आहे, पण त्याच्या अलीकडच्या अनुवादाला अनुवादकाची परवानगी लागते, हे बरेच गट विसरतात.

शेवटी, तीन नाटिकांची एक संध्याकाळ करणार असाल तर क्रमाबद्दल. सगळ्यात बोलकी, शब्दांवर चालणारी नाटिका पहिली, कारण तेव्हा कान ताजे असतात. हालचालीवर चालणारी शेवटी. मधली थोडी मंद, शक्यतो कडवट हवी. तिन्ही सारख्याच खळखळाटाच्या घेतल्या तर तिसरीला लोक दमलेले असतात. लग्नावर संपणाऱ्या दोन लागोपाठ नकोत, म्हणजे 'द प्रपोजल' आणि 'द बेअर' एका संध्याकाळी केल्या तरी मध्ये काहीतरी दुसरं घाला. दोन नाटिकांमधला अंधार दोन मिनिटांच्या वर गेला की प्रेक्षक मोबाइल काढतात आणि पुढच्या नाटिकेला पहिला हशा उशिरा मिळतो. म्हणून तिन्हींना चालेल असं एकच टेबल, दोन खुर्च्या आणि एक दार ठेवा. दार मात्र पक्कं हवं, आपटल्यावर भिंत हलणार नाही असं. ते रंगीत तालमीच्या दिवशी आलं तर उशीर झालेला असतो. पहिल्या आठवड्यापासून तालमीत उभं करा.